रंगाचा रकाना

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी पाच नंबरच्या झाडाला फूल आलं. दुपारी पाथ्रीकर बाईंनी कौसाबाईला उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं. संध्याकाळी कौसाबाईने बाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे आणून दिली आणि ती पेडगावच्या काळीपिवळी जीपमध्ये बसून गेली.

पाथ्रीकर बाई परभणीतल्या एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्याच शाळेत मी ग्रंथपाल होते. पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो आणि एकाच गल्लीत समोरासमोर राहू लागलो. त्यांनी लग्न केलं नव्हतं, माझे यजमान लवकर गेले. आमची मैत्री होती असं बाईंनी कधी कबूल केलं नसतं. त्या मला ‘समोरची’ म्हणायच्या, आणि माझ्या तोंडावर ‘नलू’.

‘मला वाटतं’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकले. त्या ‘मला शक आहे’ म्हणायच्या. पाऊस येईल असा त्यांना शक असायचा, आणि पेपरवाला कालचा पेपर टाकून गेला असाही. दुधात त्या लिटमसचा कागद बुडवून बघत. कपाट बंद केलं की दाराच्या फटीत खडूचा बारीक तुकडा ठेवत, म्हणजे कोणी उघडलं तर तो खाली पडेल. घरात त्या एकट्याच राहत असल्यामुळे तो नेहमी त्यांच्याच हातून पडायचा. मग त्या वाकून उचलायच्या आणि पुन्हा ठेवायच्या.

शाळेत हा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. दहावीच्या मुलींना जास्वंद दाखवून आकृती काढायला लावायची, हा दरवर्षीचा पाठ. एका वर्षी बाईंनी सकाळी लवकर येऊन प्रत्येक फुलाची एक पाकळी ब्लेडने देठापासून अलगद काढून टाकली. चाळीस मुलींनी समोरच्या फुलाकडे बघत बघत पाच पाकळ्यांची आकृती काढली. एकीने चार काढल्या आणि ती रडवेली होऊन म्हणाली, बाई, माझं फूल खराब आलंय. बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीच्यांच्या वह्या परत देताना त्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होत्या, “पाहून काढलंस की पाठ करून?” तो प्रश्न पुढे शाळेत सगळ्यांच्याच तोंडी बसला. शिपाईसुद्धा एकमेकांना चहाबद्दल तसं विचारायचे.

ऑर्किडचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. दुकानात नुसतं ऑर्किड म्हणून विकतात, बाईंना ते चालत नसे. “ऑर्किडं पंचवीस हजार जातींची असतात. हे पतंगाचं ऑर्किड,” त्या म्हणायच्या. दिव्यापाशी येणारा पतंग पंख पसरून भिंतीवर बसतो तसं ते फूल दिसतं, आणि एका दांड्यावर अशी पाच-सात ओळीने बसतात. दोन दोन, तीन तीन महिने ती तशीच राहतात. परभणीच्या उन्हाळ्यात माणूस टिकत नाही तिथे हे नाजूक प्रकरण काय टिकणार, असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणूनच त्यांनी ते आणलं असणार.

पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड, लाकडी फळीवर पाच कुंड्या होत्या. कुंड्या पारदर्शक, कारण बाईंना मुळं दिसायला हवी होती. त्यात माती नाही, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. मूळ कोरडं असलं की चंदेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं. बोअरच्या पाण्याला क्षार फार म्हणून बाई गच्चीवरचं पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवायच्या. ते संपलं की गल्लीतल्या दातांच्या दवाखान्याच्या एसीखाली बादली लावायच्या. उन्हाळ्यात कूलरचं तोंड झाडांकडे असायचं आणि बाई कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या.

त्या खोलीत पिकलेलं फळ न्यायला बंदी होती. एकदा जुन्या मुख्याध्यापिका आंब्याची करंडी घेऊन भेटायला आल्या, तर बाईंनी करंडी आणि मुख्याध्यापिका दोघींनाही ओसरीवरच बसवलं. पिकत्या आंब्याचा वायू लागला तर कळ्या गळतात, हे कारण खरं होतं. पण ते त्यांनी पाहुण्या गेल्यावर मला सांगितलं. मुख्याध्यापिका पुन्हा आल्या नाहीत.

कौसाबाई त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. रोज सकाळी पेडगावहून यायची, दोन-तीन घरची भांडी-झाडलोट करायची आणि दुपारच्या गाडीने परतायची. लग्नसराईत एका मंगल कार्यालयात भांड्यांनाही जायची. तिथेच एका लग्नानंतर सजावटीचा कचरा मागच्या बाजूला टाकला होता. त्यात तिला एक झाड दिसलं. फुलं झडून गेलेली, मुळं उघडी, तीन पानं आणि त्यातलं एक पिवळं. तिने ते पदरात गुंडाळून आणलं आणि म्हणाली, “बाई, हे जितं हाय का बघा.”

तेच पाच नंबर. बाकीची चार झाडं बाईंनी विकत आणली होती. त्यांच्यावर नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या नावांवर बाईंचा अजिबात विश्वास नव्हता. “नाव नसलेलं झाड मला चालेल, खोट्या नावाचं नको,” असं त्या म्हणत. पाच नंबरला नावच नव्हतं. नऊ वर्षं त्या त्याची ओळख पटवत होत्या.

ओळख पटवायची म्हणजे काय ते मी त्यांच्याकडूनच शिकले. फुलाला तीन बाह्यदलं, दोन पाकळ्या, आणि तिसरी पाकळी म्हणजे खालचा ओठ. ओठाच्या टोकाला मिशीसारखे दोन तंतू असतात, बुडाशी एक छोटी गाठ असते. खरी ओळख त्या गाठीत आणि मिश्यांत. बाई दरवर्षी दांड्यावरचं चौथं फूल कापायच्या, ओठ वेगळा करायच्या, भिंगाखाली ठेवून मोजायच्या आणि वहीत पेन्सिलीने काढायच्या. पहिलं फूल कधी कापायच्या नाहीत, ते झाडाचं असतं म्हणायच्या. चित्रात रंग नाही. जीवशास्त्राच्या वहीत रंग भरायचा नसतो, हा नियम त्यांनी घरीही पाळला. रंग शब्दांत, वेगळ्या रकान्यात. प्रत्येक कुंडीत एक चिठ्ठी खोवलेली असायची, वाळवलेल्या वनस्पतींच्या कागदावर असते तशी: क्रमांक, नाव, स्थळ, संग्राहक, ओळख पटवणार. पाच नंबरच्या चिठ्ठीत नावापुढे रेघ होती. संग्राहक म्हणून लिहिलं होतं, ‘वि. पाथ्रीकर’. मी ते वाचलं होतं. कौसाबाईला वाचता येत नव्हतं.

पाणी कधी द्यायचं याचा बाईंनी तक्ता केला होता. कौसाबाई तक्त्याकडे बघायची नाही. कुंडी हातात उचलायची आणि म्हणायची, “हलकं लागायलंय.” बाई मग मुळं बघायच्या, तक्ता बघायच्या, आणि तिचं बरोबर निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. “हिला कसं कळतं, मला शक आहे,” असं एकदा मला म्हणाल्या. कशाचा शक ते सांगितलं नाही. पानांच्या मधोमध पाणी साचलं तर झाड सडतं, म्हणून कौसाबाई कापसाची वात वळून तिथे टेकवायची, वात पाणी ओढून घ्यायची. हे तिचं तिनेच काढलेलं. बाईंनी ते वहीत लिहिलं होतं.

बाईंचा शक खोटा ठरायचा नाही, हेही सांगायला हवं. गावातल्या एका डॉक्टरांच्या पत्नीने निळ्या रंगाचं पतंगाचं ऑर्किड आणलं आणि बायकांना बघायला बोलावलं. निळं म्हणजे शाईसारखं निळं. आम्ही सगळ्या वाहवा करत होतो आणि बाई खाली वाकून फुलांऐवजी दांडा बघत होत्या. मग त्यांनी नखाने मेणाचा एक ठिपका खरवडला. खाली सुईचं भोक होतं. “रंग टोचलाय. पुढच्या वर्षी पांढरं येईल,” असं म्हणून त्या चिवडा खायला बसल्या. पुढच्या वर्षी पांढरं आलं. परत येताना मला म्हणाल्या, “रंगावर कधी जाऊ नकोस, नलू. सगळ्यात आधी फुटणारा साक्षीदार तो. ओठ बघ.”

नंतर मला या वाक्याची फार वेळा आठवण झाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तेव्हा दिवाळीनंतर बाई नांदेडला भावाकडे गेल्या. आधी उजवा, डावा पुढच्या वर्षी, असं ठरलं होतं. दोन महिन्यांचा मुक्काम होता. त्याच दिवसांत कौसाबाईची सून बाळंत झाली, तिला रोज परभणीला येणं जमेना. तिने बाईंना फोन केला. बाईंनी बराच विचार करून झाडं पेडगावला न्यायला परवानगी दिली आणि मला प्रत्येक कुंडीचा फोटो काढून ठेवायला सांगितलं. मला फोनवर फोटो नीट काढता येत नाहीत. ते सगळे हलले.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. कौसाबाईने झाडं चुलीच्या खोलीत ठेवली आणि रात्री त्यांच्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घातलं, हे मला नंतर कळलं. संक्रांतीच्या आधी बाई परतल्या, त्याच दिवशी कौसाबाईने पाचही झाडं आणून फळीवर लावली. पाच नंबरला बोटभर दांडा फुटला होता. पण त्याचं एक पान गेलं होतं, चिठ्ठी नव्हती, आणि पारदर्शक कुंडीऐवजी ते प्लास्टिकच्या बरणीत होतं, बरणीला तापल्या सळईने पाडलेली भोकं होती. कौसाबाईने काही लपवलं नाही. शेळीनं तोंड घातलं, पान आणि चिठ्ठी खाल्ली, कुंडी पाडून फोडली, असं तिने दारातच सांगून टाकलं. बाई ‘बरं’ म्हणाल्या. तो ‘बरं’ मला आवडला नाही.

नांदेडहून आल्यापासून बाईंचा संशय वाढला होता, हे मला दिसत होतं. दूधवाला दुधात पावडर घालतो म्हणाल्या, नाहीतर दूध इतकं पांढरं कसं? लिटमसने काही दाखवलं नाही, तरी त्यांनी दूधवाला बदलला. धोब्याने साडी बदलून दिली असं त्यांना वाटलं. त्यांची ती साडी बदामी होती, ही तर पांढुरकी. साडीवर त्यांच्याच हातची खूण निघाली, तेव्हा धोबी कसलं तरी औषध घालतो असं ठरलं. माझ्या घराला आतून रंग दिला का, असंही त्यांनी विचारलं. मी दिला नव्हता. मला वाटलं, शस्त्रक्रिया, परका मुक्काम, वय. यापलीकडे मी विचार केला नाही.

मग तो गुरुवार. बाईंनी मला हाक मारली. पाच नंबरचं पहिलं फूल उमललं होतं. त्यांनी वहीतली गेल्या वर्षीची नोंद माझ्यासमोर धरली. रंगाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सायीचा, त्यावर वीटकरी रेघा.’

“तुला हे कसं दिसतं?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, पांढरं. रेघा जांभळट.

“झालं तर,” बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला ते फूल गेल्या वर्षीही जांभळटच दिसलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. पण वहीत वीटकरी लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि बाईंची नजर शिकलेली. छापलेल्या-लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्यात माझं आयुष्य गेलं. त्या क्षणी मला वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय, आणि फूल बदललेलं असू शकतं. कौसाबाईवर माझाही शक गेला. पुरता नाही, पण गेला.

बाईंचा खटला तयार होता. कुंडी बदललेली, पान कमी, चिठ्ठी गायब, रंग वेगळा. शिवाय जिंतूर रोडवरच्या एका नर्सरीवाल्याने त्या झाडाचं पिल्लू दोनदा मागितलं होतं आणि बाईंनी दोनदा नाही म्हटलं होतं. त्यानेच कौसाबाईला गाठून खरं झाड नेलं आणि तसंच दिसणारं दुसरं दिलं असणार. सगळं जुळत होतं. न जुळणारी एकच गोष्ट होती, की बाईंनी ओठ बघितला नव्हता. मी तसं म्हणाले. पहिलं फूल कापत नाही, चौथं येऊ दे, असं त्या म्हणाल्या. फुलासाठी त्या चौथ्याची वाट बघायला तयार होत्या. कौसाबाईसाठी थांबल्या नाहीत.

दुपारी दोघींचं काय बोलणं झालं ते मी माझ्या ओसरीवरून ऐकलं. बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा खाली होता. कौसाबाईचं एवढंच ऐकू आलं, “म्याच उकिरड्यावरून उचलून आनलं व्हतं. म्या कशाला बदलू, बाई?” बाई म्हणाल्या की तेच तर मलाही विचारायचंय. त्यानंतर भांडी घासल्याचा आवाज आला. कौसाबाईने उरलेली भांडी घासली, फडकं वाळत घातलं आणि मग ती निघाली.

पुढचे काही आठवडे बाई सगळं स्वतः करत होत्या. तक्त्याप्रमाणे पाणी देत होत्या. दोन नंबरच्या पानांच्या मधोमध पाणी राहिलं आणि ते मधून काळं पडू लागलं. तेव्हा त्यांनी कापूस आणला, वात वळायला बसल्या, आणि त्यांना ती नीट वळता येईना. मी वळून दिली.  पाच नंबरवर दुसरं, तिसरं, मग चौथं फूल उमललं. तरी त्या कापत नव्हत्या. आता काय कापायचं, झाडच आपलं नाही, असं म्हणायच्या.

एप्रिलमध्ये वावटळ आली आणि बाईंच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कचरा गेला. इथल्या डॉक्टरांनी तो काढला आणि दोन दिवस डोळ्यावर पट्टी ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पट्टीसकट माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“कौसाबाईची किल्ली कुठंय?”

“माझ्या डब्यात.”

“कुणाला दिली होतीस?”

मी नाही म्हणाले. त्यांनी डबा उघडायला लावला, किल्ली बघितली, उलटी करून बघितली. “मग पाच नंबर परत कसं आलं?” त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं असं होतं की कौसाबाई घाबरली, तिने खरं झाड परत आणून ठेवलं आणि बदललेलं नेलं. आणि दार उघडून देणारी मी.

मी त्यांच्याबरोबर गेले. फळीवर तीच बरणी होती, भोकं पाडलेली. दांड्यावर तीच चार फुलं.

“हे कालचंच आहे, बाई.”

“कसं दिसतंय तुला?”

“पांढरं. जांभळ्या रेघा.”

“खोटं बोलू नकोस. सायीचं आहे. रेघा वीटकरी आहेत.”

  मग त्यांनी चष्मा काढला. पट्टीची चिकटपट्टी एका बाजूने सोडवली आणि पट्टी वर उचलली. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. फुलाकडे बघितलं. तळहात उजव्या डोळ्यावर नेला, परत बघितलं. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग भिंतीकडे बघून केलं. मग स्वतःच्या साडीकडे बघून.

“नलू, ब्लेड दे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चौथं फूल कापलं. ओठ वेगळा केला, भिंगाखाली ठेवला आणि मला वही उघडायला सांगितली. ओठाची डावी मिशी उजवीपेक्षा आखूड आणि वळलेली होती, आणि गाठीवर एक खाच होती. नऊ वर्षांच्या नऊ चित्रांत तीच मिशी, तीच खाच. पेन्सिलीने काढलेली.

मग त्यांनी रंगाचा रकाना वाचायला सांगितला. मी शेवटच्या वर्षापासून वाचत मागे गेले. सायीचा, वीटकरी रेघा. सायीचा, तपकिरी-लाल रेघा. त्याच्या मागे दुधी, आणि कंसात ‘पाण्यातला क्षार?’ त्याच्या मागे पांढरा-पिवळसर, ‘खत बदलावे’. असं करत करत सगळ्यात पहिल्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं, ‘पांढरा शुभ्र, जांभळ्या रेघा.’ झाड नऊ वर्षं एकाच रंगाचं होतं. त्या रकान्यात बाईंचा मोतीबिंदू पिकत गेला होता. त्यांनी पाण्यावर, खतावर, दूधवाल्यावर, धोब्यावर आणि कौसाबाईवर संशय घेतला होता. डोळ्यावर घ्यायचा राहिला.

“पाहूनच लिहिलंय गं सगळं,” बाई म्हणाल्या. “पाठ करून नाही लिहिलं.”

मी तेव्हा त्यांना सांगितलं की मला ते आधीपासून जांभळट दिसायचं. त्यांनी पट्टीखालून माझ्याकडे बघितलं.

“मग बोलली का नाहीस?”

“वहीत वीटकरी लिहिलं होतं.”

“तू पाठ करून बघतेस,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी माझ्याविषयी सांगितलेली ती सगळ्यात खरी गोष्ट असेल.

दोन दिवसांनी आम्ही पेडगावला गेलो. काळीपिवळीत बाईंनी बरणी मांडीवर धरली होती आणि वर वर्तमानपत्राचं छप्पर केलं होतं. कौसाबाईचं घर विचारलं तेव्हा एका माणसाने आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, “परभणीच्या बाई का? त्या चोरीवाल्या?” म्हणजे बातमी आमच्याआधी पोचली होती. बाई तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

कौसाबाईने सतरंजी टाकली, पाणी दिलं. सून बाळ घेऊन उंबऱ्यात बसली. दाव्याला शेळी होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मला वाटतं, त्यांनी तिचीही साक्ष मनात नोंदवून घेतली. कौसाबाईने बाईंच्या हातातून बरणी घेतली, जराशी उचलून तोलली.

“हलकं लागायलंय. दोन दिस पानी न्हाई,” ती म्हणाली.

“नाही दिलं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, डोळा, पट्टी, ओठ, रकाना, शिकवल्यासारखं, क्रमाने. कौसाबाईने ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर ती उठली, कुडाशी गेली आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिच्या मागे आणखी दोघी.

“आता म्हना, बाई. हेंच्यासमोर म्हना.”

पाथ्रीकर बाई सतरंजीवरून उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. कोणी हात दिला नाही, त्यांनी घेतलाही नसता.

“कौसाबाईने काही नेलं नाही, काही बदललं नाही. हे झाड तेच आहे. माझा डोळा चुकला.”

 सुनेचं लक्ष बरणीतल्या नव्या चिठ्ठीकडे गेलं. ती दहावी शिकलेली होती. कौसाबाई म्हणाली, वाच काय लिवलंय. सुनेने वाचलं, “क्रमांक पाच. नाव, रेघ मारलीय. स्थळ, परभणी. संग्राहक, कौसाबाई मारोती शिंदे, पेडगाव.”

“संग्राहक म्हंजी?”

“जिने पहिल्यांदा उचललं ती,” बाई म्हणाल्या. “ते पहिल्यापासून तसंच लिहायला हवं होतं.”

कौसाबाईने बरणी उचलून आत, सावलीला ठेवली. परत येऊन बसली. पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, “डोळा नवा हाय बाई, चुकंल. बोलनारं तोंड तर जुनंच व्हतं की.”

 बाईंनी मान हलवली. कौसाबाईने चहा केला, आम्ही प्यायलो. झाड ती ठेवून घेणार होती. कामाला मात्र येणार नव्हती, तेही तिने सांगितलं, न चिडता. निघताना तिने बाईंना वाती वळून दिल्या, वीस-पंचवीस, कागदात बांधून. दोन नंबर सडत असल्याचं मी बोलले होते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बाईंनी करून घेतलं नाही. भावाने फोन केले, डॉक्टरांनी सांगितलं. “एक जुना राहू दे, ताडून बघायला,” एवढंच त्या म्हणत. त्यानंतर त्या कशाहीकडे दोनदा बघायच्या. भाजी घेताना, नोट बघताना, दारात आलेल्या माणसाकडेसुद्धा, आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा. गल्लीतली मुलं त्यांची नक्कल करायची. ‘मला शक आहे’ हे शब्द त्या अजून वापरायच्या, पण आता म्हणून झाल्यावर थांबायच्या.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी माझ्या खिडकीत उभी होते. समोरच्या खिडकीत बाई होत्या, चार कुंड्यांच्या मागे. मी हात वर केला. त्यांनी एका डोळ्यावर तळहात ठेवून माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्यावर ठेवून बघितलं. आणि मग हात वर केला. पहाटे त्या झोपेतच गेल्या, दूधवाल्याने बराच वेळ बेल वाजवल्यावर आम्हाला कळलं. कौसाबाई दहाव्याला आली होती. ती माझ्याशेजारी बसली आणि जाताना बाईंच्या फळीवरच्या कुंड्या एकेक करून उचलून बघून गेली.

चार कुंड्या आता माझ्या खिडकीत आहेत. दोन नंबरला बाजूने नवं पान आलं आहे. पाच नंबर पेडगावला आहे आणि त्याला अजून नाव नाही. वही माझ्या कपाटात आहे. या वर्षीची फुलं मी पाहिली, ओठ पेन्सिलीने काढले, रंगाचा रकाना कोरा ठेवला.